अरोकेरिया, मोरपंखी, जुनिपर दरवर्षी तपकिरी पडतात? सुई कोणत्या उजेडात आणि किती पाण्यावर घडली ते आधी तपासा

कोल्हापुरात सूचिपर्णी झाडांची तक्रार वर्षातून दोनदा येते. पहिली दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस उघडल्यावर. दुसरी मार्चअखेरपासून मृगापर्यंत. दोन्ही वेळा वर्णन एकच असतं: झाड हिरवंगार होतं, बघता बघता तपकिरी पडायला लागलं. उपायही तेच होतात. पाणी वाढवलं जातं, चमचाभर युरिया टाकला जातो, दुकानातून बुरशीनाशक आणून फवारलं जातं. निम्म्या झाडांना त्यानं काहीच फरक पडत नाही, आणि उरलेल्यांतली काही त्या उपायांनीच जातात.

ऑक्टोबरमधलं तपकिरी आणि एप्रिलमधलं तपकिरी ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात मुख्य वाटा उजेडाचा, दुसऱ्यात पाण्याचा. पण दोन्हींचं मूळ सुई, म्हणजे या झाडांचं पान, तयार होत होती त्या आठवड्यांत असतं. सुई लांबून एकदा कडक झाली की तिची जाडी, सालीचा थर, आतल्या जलवाहिन्यांची मापं जवळजवळ कायमची ठरतात. पुढे हरितद्रव्य आणि बाकीची रंगद्रव्यं थोडी कमीजास्त होतात, तेवढंच. सावलीत घडलेली सुई उन्हात ठेवल्यानं उन्हाची होत नाही. ती एकतर कशीबशी तग धरते, नाहीतर जळते. उन्हाला पुरणारी सुई झाडाला नव्यानंच काढावी लागते. म्हणून "आता काय फवारू?" याच्या आधी "ही सुई कधीची?" हे विचारायचं.

आधी झाड कोणतं ते नक्की करा

आपल्या बागांतली सगळी सूचिपर्णी झाडं बाहेरची आहेत. पश्चिम घाटात नागेया वालिचियाना हा एकच सूचिपर्णी मूळचा, तोही दक्षिणेकडच्या जंगलांत, आणि त्याची पानं सुईसारखी नसून चांगली रुंद असतात. बाकी जे दिसतं ते लावलेलं.

अरोकेरिया म्हणजे 'ख्रिसमस ट्री' म्हणून विकतात ते. नॉरफोक बेटावरची जात म्हणून घेतलेली बरीच रोपं प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियाच्या जातीची निघतात, पण इथल्या कामापुरता फरक पडत नाही. मोरपंखी मूळची चीनकडची, खवल्यांसारखी पानं आणि उभे चपटे पंखे. गोल्डन सायप्रस, म्हणजे चोळल्यावर लिंबासारखा वास येणारं पोपटी-पिवळं शंकूच्या आकाराचं झाड, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या थंड, धुक्याच्या किनाऱ्यावरचं. जुनिपर बोन्सायवाल्यांकडे जास्त. पोडोकार्पस कुंपणाला आणि सोसायट्यांच्या कुंड्यांत.

सुरू यात येत नाही. त्याच्या 'सुया' म्हणजे हिरव्या, पेरापेरांच्या काड्या असतात. ओढली की पेरावर सुटते, आणि खरी पानं त्या पेरावर बारीक दातांएवढीच असतात. सुरूच्या काड्या गळाल्या म्हणून इथले उपाय करू नका. सायकसलाही हे लागू नाही.

अजून एक गैरसमज इथेच मिटवू. अरोकेरिया आणि जुनिपर यांच्या लहानपणीच्या सुया टोकदार, सुट्या असतात आणि मोठेपणी अंगाला चिकटलेल्या, खवल्यासारख्या होतात. जुनिपरची जबर छाटणी केली की खवल्यांच्या जागी पुन्हा टोचणाऱ्या सुया फुटतात. ते दुखणं नव्हे. छाटणी थांबवली की यथावकाश खवले परत येतात.

सुईच्या आत काय बदलतं

हे प्रत्यक्ष बघायला फार काही लागत नाही. बटाट्याच्या फोडीत चीर पाडून त्यात सुई उभी बसवा, नव्या दाढीच्या ब्लेडनं फोडीसकट पातळ चकत्या काढा, पाण्यात सोडा, सगळ्यात पारदर्शक चकती काचपट्टीवर घ्या. १ टक्का सॅफ्रॅनिनचा (लाल रंगाचा) थेंब एक मिनिट ठेवून धुतला की कडक भाग लाल होतात. शाळेतला १०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो.

बाहेरून आत जाताना आधी मेणाचा आणि क्युटिकलचा (पाणी न झिरपू देणाऱ्या आवरणाचा) थर, मग बाह्यत्वचा, तिच्याखाली जाड भिंतींच्या कडक पेशींची ओळ. त्यानंतर हिरवा गर, त्यात राळेच्या गोल नळ्या. मधोमध शीर. आपल्याकडच्या या झाडांच्या सुईत वडा-पिंपळासारखं शिरांचं जाळं नसतं; मधून जाणारी एकच शीर असते (पाइनच्या बऱ्याच जातींत तिच्यात वाहिन्यांचे दोन जुडगे शेजारी शेजारी असतात). शिरेतून कडेपर्यंत पाणी पोचवायचं काम शिरेभोवतीच्या खास ऊतीकडे. पाणी कमी पडलं की आधी टोक आणि कड का सुकते, याचं उत्तर इथे आहे: ती नळापासून सगळ्यात लांबची जागा. पोडोकार्पसच्या एका उष्णकटिबंधीय जातीत असं दिसलं आहे की पाण्याचा ताण वाढला की शिरेबाहेरच्या या पाणीवाहक पेशी चेपून चपट्या होतात आणि ताण उतरला की पुन्हा फुगतात. पाइनच्या सुईतही असं चेपणं नोंदलं गेलं आहे. काही मर्यादेपर्यंत सुई सावरते ती अशी.

पर्णरंध्रं, म्हणजे पानातून हवा आणि वाफ ये-जा करायची सूक्ष्म छिद्रं, खोलगट असतात आणि अरोकेरियासारख्या झाडांत त्यांच्या तोंडाशी मेणाचा बोळा असतो. घड्याळजी वापरतात त्या १० पट भिंगानं जुनिपरच्या सुईची आतली बाजू बघा; पांढरे पट्टे दिसतात ते रंध्रांच्या रांगांवरचं मेण.

भर उन्हात घडलेली सुई आखूड, जाड, आडव्या छेदात गोलसर किंवा चौकोनी. क्युटिकल जाड, कडक पेशींचा थर भक्कम, गर जास्त, शीर मोठी. सावलीत घडलेली सुई पातळ, चपटी, फांदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, म्हणजे मिळेल तेवढा उजेड अंगावर घ्यायला. एकाच झाडावर वरच्या आणि आतल्या सुईचं दर चौरस सेंटिमीटरमागचं कोरडं वजन दीडपट ते दुप्पट फरकाचं निघू शकतं. सावलीची सुई जास्त गडद हिरवी दिसते, कारण वजनाच्या मानानं तिच्यात हरितद्रव्य जास्त असतं. रोपवाटिकेत हाच गडद, मऊ, पिसारलेला माल 'एक नंबर' म्हणून उचलला जातो आणि नेमका तोच उन्हात पहिला जळतो.

दुष्काळाचा परिणाम यात मिसळतो. पेशी लांबायला आत पाण्याचा दाब लागतो. तो नसला की सुई आखूडच राहते. पेशी लहान राहतात, रंध्रं दाटीनं दिसतात पण प्रत्येक सुईवर त्यांची एकूण संख्या कमी, क्युटिकल जाड, जलवाहिन्या अरुंद. अशी सुई कमी अन्न बनवते, पण पुढच्या कोरड्या दिवसांत तीच टिकते. म्हणजे थोडा ताण सुईला घडवतो आणि जास्त ताण मारतो. सगळी कसरत या दोन्हींच्या मधली आहे.

तपकिरी कुठे आहे त्यावरून निदान

*ऑक्टोबर-नोव्हेंबर, फक्त दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या अंगाला.* सुया आधी फिकट पोपटी, मग गवताळ पिवळ्या, मग तपकिरी. जुलै-ऑगस्टमधली नवी वाढ जास्त धरलेली, फांदीची सावलीकडची बाजू मात्र हिरवी. हा उजेडाचा फटका. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. त्या काळात दक्षिणमुखी गॅलरीत स्लॅबची सावली असते, वर ढग. जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुटलेली सुई अशा उजेडात घडते. मग पाऊस उघडतो, सूर्य दक्षिणेला कलून स्लॅबखालून आत येतो (डिसेंबरात दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो), आणि त्याच सुईवर एकदम स्वच्छ आकाशाचं ऊन. मोबाइलवरच्या उजेडमापकानं बघितलं तर दाट ढगांखाली १० ते २० हजार लक्स (उजेड मोजायचं एकक), ऑक्टोबरच्या उघड्या उन्हात १ लाखाच्या आसपास. त्यात 'पाऊस आत्ताच तर गेला' म्हणून पाणी दिलेलं नसतं. माती सुकली की रंध्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, पण ऊन थांबत नाही. न वापरलेली ऊर्जा हरितद्रव्याच्याच मुळावर येते. कोरडी माती आणि कडक ऊन एकत्र आलं की नुकसान दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त होतं ते यामुळे.

गोल्डन सायप्रस आणि सोनेरी मोरपंखीत हा घोळ माणसं स्वतः ओढवून घेतात. सावलीत त्यांचा सोनेरी रंग हिरवट होतो, मग 'रंग यावा' म्हणून कुंडी उचलून थेट गच्चीत.

*मार्च ते मे, टोकांपासून आत, सगळ्या बाजूंनी, वरचा शेंडा आधी.* पाण्याचा ताण. इथे एक फसगत नेहमीची: सूचिपर्णी झाड ताण उशिरा दाखवतं. जास्वंद दुपारी मान टाकते, मोरपंखी टाकत नाही. सुईत कडक पेशी इतक्या असतात की आतून सुकली तरी आकार आणि रंग टिकून राहतो. तोडलेलं ख्रिसमसचं झाड आठवडेच्या आठवडे हिरवं राहतं ते त्यामुळेच. मेच्या पहिल्या आठवड्यात दिसलेलं तपकिरी बहुतेक वेळा एप्रिलच्या मध्याला सुकलेल्या मुळांचं असतं. आज पाणी ओतून त्या सुया परत येणार नाहीत, आणि येत नाहीत म्हणून रोज ओतत राहिलं की मुळं कुजतात.

झाडांचे स्वभावही वेगळे. पाइन ताण जाणवताच रंध्रं मिटून बसतो. जुनिपर बराच काळ उघडी ठेवून जास्त ताण सोसतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागात २००२-०३ च्या दुष्काळात पिन्यॉन पाइन मोठ्या प्रमाणात मेले आणि त्याच डोंगरांवरचे जुनिपर बरेच तगले. म्हणून कुंडीतला जुनिपर 'ठीक दिसतोय' यावर कधी जाऊ नका. तो ठीक दिसत दिसतच मरतो.

*आतल्या, खोडाजवळच्या सर्वांत जुन्या सुया, बाहेरची वाढ छान.* काही करू नका. जुनी सुई गळणारच, आणि मोरपंखीच्या आत उजेड पोचत नसल्यानं तिथले पंखे सुकतात. वर्षातून एकदा, पावसाआधी, हातमोजे घालून झटकून काढा म्हणजे हवा खेळेल.

*टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके, मग राखाडी-तांबूस छटा, बारीक जाळी.* लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात ताणातल्या झाडावर तो हमखास येतो, त्यामुळे दुष्काळाची लक्षणं समजून दुर्लक्ष होतं. पांढऱ्या कागदावर फांदी आपटा; धुळीसारखे कण चालायला लागले आणि बोटानं घासल्यावर तांबडी रेघ उमटली की निदान पक्कं.

*पावसाळ्यात किंवा लगेच नंतर, सगळं झाड निस्तेज करडं-हिरवं, मग तपकिरी, माती ओली.* मुळं कुजली आहेत. बाहेरून दुष्काळासारखंच दिसतं, कारण सुईच्या दृष्टीनं तो दुष्काळच: पाणी आहे, पण आणणारं कोणी नाही. काळ्या मातीत, खड्ड्यात लावलेल्या झाडांना हे जास्त.

*फक्त टोकं जळलेली, कुंडीच्या काठाला पांढरी कड.* क्षार. शिरोळ भागातल्या क्षारपड जमिनींबद्दल इथे कुणाला सांगायला नको, पण शहरातल्या बोअरच्या पाण्यानं कुंडीतही तेच छोट्या प्रमाणात होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या, दोनशे-तीनशे रुपयांच्या टीडीएस मीटरनं ५०० पीपीएमच्या आत असेल तर चिंता नाही. १०००च्या वर असेल तर ते पाणी कुंडीतल्या सूचिपर्णीला कायम देऊ नये.

*तपकिरी नाही, पण सुया आखूड आणि विरळ.* मागच्या ताणाची खूण. अरोकेरियाच्या फांदीवर बुडापासून टोकाकडे दर वाढीतल्या दहा सुया मोजा; जिथे लांबी एकदम घटते तो काळ कोरडा गेलेला. पाइनमध्ये गंमत अशी की कळीत किती सुया असणार ते आदल्या वर्षी ठरतं आणि त्या किती लांबणार ते यंदा. त्यामुळे एकच दुष्काळ दोनदा दिसतो, त्या वर्षी आखूड सुया आणि पुढच्या वर्षी कमी सुया. चालू वर्षाच्या पाण्याला उगाच दोष दिला जातो.

खात्री करायच्या चाचण्या, याच क्रमानं

१. लोखंडी सळी किंवा छत्रीची काडी मातीत वीतभर खुपसा, पाच मिनिटांनी काढा. माती चिकटून ओली आली तर पाणी बंद. नुसती गार आली तर वाफसा (बेताची ओल) आहे, ठीक. कोरडी आली तर ताण.

२. कुंडी असेल तर मुळांचा गड्डा काढून बघा. निरोगी मुळांची टोकं पांढरी किंवा फिकट. काळी, ओढल्यावर साल सुटून दोरा हातात येणारी, वास मारणारी म्हणजे कुज. गड्डा मध्ये ठणठणीत कोरडा आणि कडेनं ओला असेल तर पाणी फटीतून खाली पळतंय. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की हे होतंच.

३. शेंड्याकडून बुडाकडे फांदी नखानं खरवडत या. सालीखाली हिरवं-ओलं लागलं तिथून खाली जीव आहे.

४. सुई खरंच किती सुकली ते आकड्यात हवं असेल तर गुजरीतल्या सराफाकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. सकाळी लवकर ५ ग्रॅमभर शेंडे तोडा, लगेच वजन करा. देठ पाण्यात बुडवून अंधारात २४ तास ठेवा, वरचं पाणी टिपकागदानं टिपून पुन्हा वजन. मग ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ४८ तास किंवा वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ताजं वजा कोरडं, भागिले फुगलेलं वजा कोरडं, गुणिले १००. ८५च्या वर असेल तर पाणी पुरेसं आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. ७०च्या खाली गेलं तर ताण गंभीर. समजा ताजं ५.००, फुगलेलं ५.८०, कोरडं २.२० भरलं, तर २.८० भागिले ३.६०, म्हणजे ७८ टक्के: आज संध्याकाळी पाणी, उद्यावर ढकलू नका.

उपाय

ऑक्टोबरच्या फटक्यावर खरा उपाय जूनमध्ये असतो. कुंडी जिथे वर्षभर ठेवायची आहे तिथे ती मृग बरसताच हलवा, म्हणजे पावसाळ्यातल्या नव्या सुया त्याच जागेच्या उजेडात घडतील. ढगाळ हवेत हलवलेलं झाड जळत नाही. नत्राचं खत जुलैअखेरनंतर देऊ नका. गणपतीच्या सुमारास टाकलेला युरिया बरोबर ऑक्टोबरच्या तोंडावर मऊ, पाणचट फूट काढतो.

जून हुकला असेल आणि हलवणं भागच असेल तर पहिले दहा दिवस सकाळी साडेनऊपर्यंतचंच ऊन, पुढचे दहा दिवस अकरापर्यंत, मग एकपर्यंत. पश्चिमेचं ऊन सगळ्यात शेवटी. किंवा सरळ ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट सप्टेंबरअखेरीला बांधा आणि दिवाळीनंतर काढा. नेट झाडाला टेकू देऊ नका; फूटभर अंतर हवं, नाहीतर आत हवा कोंडते. एवढं करून जुन्या सुया कणखर होत नाहीत, नव्या येईपर्यंत वाचतात, इतकीच अपेक्षा ठेवा. पत्र्याच्या शेडसमोर किंवा काचेच्या दर्शनी भिंतीसमोर ठेवलेल्या झाडाला परावर्तित ऊनही तेवढंच भाजतं. तिथे नेट दोन बाजूंनी लागतं.

उन्हाळ्यासाठी तयारी संक्रांतीनंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये घडणाऱ्या सुया थोड्या ताणात घडू द्या: वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी, नत्र बंद. गड्डा मात्र पूर्ण सुकवायचा नाही, मुळांची पांढरी टोकं मेली की मार्च-एप्रिलमध्ये पाणी ओढणार कोण? बरेच जण नेमकं उलटं करतात. जानेवारीत भरपूर पाणी आणि खत, छान लांबलचक हिरवी फूट, आणि एप्रिलमध्ये तीच फूट सगळ्यात आधी जाते.

एप्रिल-मेमध्ये जमिनीतल्या पाच-सहा फुटी झाडाला एक मीटर व्यासाचं आळं करा, खोडाभोवती वीतभर उंचवटा ठेवून. त्यात २५ लिटर म्हणजे साधारण ३२ मिलिमीटर पाणी. काळ्या मातीत सहा-सात दिवसांनी, मुरमाड किंवा जांभ्याच्या मातीत तीन-चार दिवसांनी. रोज तांब्याभर देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण रोजच्या तांब्यानं मुळं वरच राहतात. आळ्यावर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, खोडाला टेकू न देता. पाचट आपल्याकडे मागितलं तरी मिळतं आणि बाष्पीभवन चांगलंच रोखतं. पावसाळा सुरू झाला की काळ्या मातीतलं पाचट बाजूला करा. बारा इंची कुंडीला दर वेळी दोन ते तीन लिटर, खालून थोडं वाहीपर्यंत. गड्डा आतून कोरडा असेल तर कुंडी अर्धा तास घमेल्यातल्या पाण्यात ठेवा.

क्षारांसाठी महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू सोडून धुऊन काढा. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात धरलं तर बोन्सायला उन्हाळाभर पुरू शकतं.

कुजलेल्या मुळांना आधी निचरा. काळी मुळं कापून, लाल माती दोन भाग, जाड वाळू किंवा विटेचे तुकडे दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग अशा मिश्रणात बसवा, सावलीत ठेवा. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतणं (लिटरला २ ग्रॅम), त्यानंतरच उपयोगी; चिखलात ओतून काही होत नाही.

लाल कोळ्यावर पहिला उपाय पाण्याचा जोराचा फवारा, खालून वर, तीन-तीन दिवसांनी तीनदा. न आटोपल्यास पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. पारा ३२च्या वर असताना गंधक मारलं तर सुया गंधकानंच भाजतात, आणि मेमध्ये तर ते विसराच. तेलाच्या फवारणीनंतर तीन आठवडे गंधक नाही.

हे करू नका

पानं चमकवायचं तेल, साबणाचं पाणी, जास्त मात्रेचं कडुनिंब तेल. सुईवरची निळसर-पांढरी झाक म्हणजे मेण. तेलानं ते उतरतं आणि त्या सुईवर पुन्हा तसं येत नाही. निळा जुनिपर कायमचा हिरवट दिसतो आणि पाणी जास्त गमावतो. कोवळ्या सुयांवर मेण अजून पुरतं बसलेलं नसतं, त्यांना तर काहीच लावू नका. धूळ साध्या पाण्यानं, सकाळी.

तपकिरी भाग कापताना हिरव्या सुया असलेल्या भागातच कात्री चालवा. मोरपंखी, सायप्रस, जुनिपर यांच्या उघड्या, जुन्या लाकडातून सहसा फूट येत नाही. तिथपर्यंत कापलं की खड्डा कायमचा. पोडोकार्पस याला अपवाद, तो जुन्या लाकडातूनही फुटतो. अरोकेरियाची खालची फांदी गेली ती गेली, तिथे दुसरी येत नाही. आणि त्याचा शेंडा कापून 'झुडूप' करायचा विचार मनातून काढा.

मार्च ते मे कुंडी बदलू नका. मुळं तुटतात आणि सुयांची मागणी तेवढीच राहते.

घरात दिवाणखान्यात ठेवलेला अरोकेरिया ही वेगळी अडचण. तिथे २०० ते ५०० लक्स असतात. त्यात त्याच्या सुया लांब, लिबलिबीत होतात, फांद्यांच्या मजल्यांमधलं अंतर वाढतं, खालच्या फांद्या लोंबतात. डिसेंबरात दिव्यांच्या माळा घालून जानेवारीत गच्चीत नेलेलं झाड फेब्रुवारीत हमखास तपकिरी पडतं. घरात ठेवायचंच तर पूर्वेच्या खिडकीपासून तीन फुटांच्या आत आणि आठवड्याला कुंडीला पाव वळसा.

उपाय लागू पडला की नाही हे तपकिरी सुया हिरव्या होतात का यावरून ठरवू नका, त्या होणारच नाहीत. नव्या शेंड्याची लांबी आणि सुयांचा ताठपणा बघा. अरोकेरियाला आणि मोरपंखीला नवी फूट दाखवायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेही उबदार, ओलसर दिवसांत. पोडोकार्पस थोडा हळू.

गोल्डन सायप्रसबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. कोल्हापूर शहरात, पश्चिमेच्या उन्हात, जमिनीत लावू नका. दिवसा गार हवा आणि धुकं ही त्याची मूळची सवय; इथल्या एप्रिलमध्ये मुळांना पाणी असूनही सुयांना ते पुरत नाही आणि पावसाळ्यात मुळं कुजतात, म्हणजे दोन्हीकडून मार. पन्हाळ्यासारख्या उंच, गार जागी, पूर्वेच्या उन्हात, निचऱ्याच्या मातीत लावून बघायला हरकत नाही. शहरात तसाच उभा हिरवा खांब हवा असेल तर पोडोकार्पस घ्या, आणि रोपवाटिकेत शेडनेटखालचं सगळ्यात गडद रोप सोडून कडेला उन्हात पडलेलं, आखूड सुयांचं, जरा फिकट रोप उचला.